धुरा, पांदण आणि हेडर फाइल

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्यापासून वणीपर्यंत कुठेही जा, पावसाळा लागला की शेतकऱ्यांच्या बोलण्यात वाटेचा विषय येतोच. शेत स्वतःचे असते, पण शेतापर्यंतची वाट दुसऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गेलेली असते. आजोबांच्या काळात दोन्ही वावरे एकाच घरची होती, तेव्हा विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढे वाटणी झाली, तरी भाऊ भावाला अडवत नाही. मग एका उन्हाळ्यात मधले वावर विकले जाते, नवा मालक तारेचे कुंपण घालतो, आणि ऐन पेरणीत तिसऱ्याच माणसाची बैलजोडी काळ्या चिखलात अडून राहते. त्याने काही चूक केलेली नसते. विकणाऱ्यानेही नाही. वाट वापरात होती, पण नोंदीत नव्हती.

अशा वापराची नोंद ठेवायची पद्धत महसुली दप्तराला जुनीच ठाऊक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या १६५ व्या कलमात ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचे एक दप्तर सांगितले आहे. सरकारच्या मालकीचे किंवा ताब्यातले नाही अशा जमिनीवरून आणि पाण्यावरून गावात कोणाला जाण्या-येण्याचा, पाणी नेण्याचा, मासे धरण्याचा रिवाज आहे, ते त्यात लिहून ठेवायचे असते. धुऱ्यावरून वाट हवी असेल तर १४३ व्या कलमाखाली तहसीलदाराकडे जाता येते. एकाची मालमत्ता दुसऱ्याने वापरायची तर त्या वापराला कागद हवा, एवढीच यामागची समजूत.

याच समजुतीवर जगातली काही सर्वांत मोठी सॉफ्टवेअरे उभी आहेत, हे कळले तेव्हा मला खरोखर नवल वाटले. यवतमाळच्या बाजार समितीच्या आवारात उभा राहून कोणी मोबाइलवर क्रोम उघडून कापसाचा भाव पाहतो, तेव्हा त्यातले ‘क्विंटल’मधले जोडाक्षर नीट जुळवण्याचे काम हार्फबझ नावाची एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायच्या तयार कोडचा संच, करते. क्रोमच्या पोटात अशा असंख्य लायब्रऱ्या आहेत. त्यातली कोणती कोणाच्या धुऱ्यावरून जाते याचे दप्तर लिहिलेले असते, आणि ते खरे आहे की नाही हे एक छोटासा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासत असतो.

आधी हेडर म्हणजे काय ते पाहू. सी आणि सी++ या भाषांमध्ये एखादे काम कसे होते ते एका फाइलीत लिहितात आणि ते काम कोणत्या नावाने मागायचे ते दुसऱ्या फाइलीत. ही दुसरी फाइल म्हणजे हेडर. दुकानाबाहेरच्या दरफलकासारखी ती असते: आत काय मिळते ते कळते, ते कसे बनते ते कळत नाही. ज्याला ते काम हवे त्याने आपल्या फाइलीच्या डोक्यावर ‘इन्क्लूड’ असे लिहून हेडरचे नाव द्यायचे. ही सोय सी भाषेत १९७२-७३ च्या सुमारास आली. भाषेचे जनक डेनिस रिची यांनीच नंतर लिहून ठेवले आहे की ॲलन स्नायडर यांच्या आग्रहाचा त्यात वाटा होता आणि बीसीपीएल व पीएल/आय या भाषांमध्ये अशी सोय आधीपासून होती.

ही सोय कमालीची साधी आहे. ‘इन्क्लूड’ दिसले की प्रीप्रोसेसर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कम्पायलरच्या आधी चालणारा भाग) ती हेडर फाइल उघडतो आणि तिचा सगळा मजकूर जसाच्या तसा त्या जागी चिकटवतो. मालकी, परवानगी, हद्द यांचा विचार त्यात नाहीच. चिकटवलेल्या मजकुरात आणखी ‘इन्क्लूड’ असतील तर तेही चिकटवायचे, त्यांच्या आतलेही. सी++ मध्ये पडद्यावर ‘नमस्कार’ छापणाऱ्या चार ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एक आयओस्ट्रीम हेडर घेतले, तरी कम्पायलरच्या पुढ्यात येईपर्यंत त्याच्या दहा हजारांवर ओळी झालेल्या असतात.

खरी गोम या चिकटवण्यात आहे. समजा, जिनिंग कारखान्यासाठी कापूस खरेदीचा प्रोग्रॅम लिहिला आहे. त्यात वजन, दर आणि पावती अशी तीन हेडरे आहेत. दराला क्विंटल लागतो म्हणून दर हे हेडर वजनाला आत घेते. पावतीच्या फाइलीलाही क्विंटल लागतो, पण ती फक्त दराला आत घेते. तरी सगळे सुरळीत चालते, कारण दराच्या पाठीवर बसून वजन आपोआप आत आलेले असते. पावती लिहिणाऱ्याला हे जाणवतही नाही. हीच ती भावाच्या धुऱ्यावरची वाट. दोन वर्षांनी दराला क्विंटल लागेनासा होतो, आणि कोणी दराची फाइल साफसूफ करताना वजनाची ओळ काढतो. दराची फाइल ठणठणीत राहते, आणि तिथून कितीतरी लांब, दुसऱ्याच माणसाच्या ताब्यातली पावतीची फाइल कोसळते. कम्पायलर म्हणतो, क्विंटल म्हणजे काय ते मला माहीत नाही.

लहान प्रोग्रॅममध्ये हे पाच मिनिटांत दुरुस्त होते. हजारो फाइलींच्या लायब्ररीची वाटणी करायची म्हटली की अशा न लिहिलेल्या वाटा शेकड्यांनी वर येतात.

मोठ्या लायब्रऱ्यांच्या अशा वाटण्या झालेल्या आहेत, आणि त्यांची हकिकत जिल्ह्यांच्या वाटण्यांइतकीच गुंतागुंतीची आहे. (यवतमाळ जिल्हाही असाच घडला: जुन्या वणी जिल्ह्याला १९०५ मध्ये वाशीम जिल्ह्यातले दारव्हा आणि पुसद तालुके जोडले गेले. वाशीमला पुन्हा स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडला.) पडद्यावरची बटणे, खिडक्या आणि याद्या काढणारी क्यूट ही लायब्ररी २०१२ च्या डिसेंबरात पाचव्या आवृत्तीत आली, तेव्हा क्यूट-गुई या मोठ्या भागातून बटणे-खिडक्यांचा सगळा संसार वेगळा काढून क्यूट-विजेट्स नावाच्या नव्या भागात नेला गेला. ज्यांनी ‘गुई’चे नाव घेऊन बटणाचे हेडर मागितले होते त्या सगळ्यांच्या ओळी एका रात्रीत जुन्या पत्त्यावरच्या पत्रांसारख्या झाल्या. क्यूटने जुन्या ओळी नव्या पत्त्यावर नेणारी एक स्क्रिप्टच सोबत दिली. शिवाय ज्याला बटणे लागतात त्याने आपल्या प्रकल्पाच्या फाइलीत ‘विजेट्स’ असा शब्द स्वतःहून लिहायचा, असा नियम झाला. वरवर किरकोळ वाटणारी ही ओळ म्हणजे वाजिब-उल-अर्जातली नोंदच: मी हे वापरतो, माझे नाव लिहा.

क्यूटवर उभ्या असलेल्या केडीई या मुक्त प्रकल्पाने त्याहून धाडसी काम केले. केडीईलिब्स नावाची त्यांची एकत्र कुटुंबासारखी मोठी लायब्ररी होती. तिचे त्यांनी पन्नासहून अधिक तुकडे केले आणि २०१४ च्या जुलैमध्ये ‘केडीई फ्रेमवर्क्स ५’ या नावाने बाहेर आणले. तुकडे करताना पायऱ्या आखून घेतल्या. पहिल्या पायरीवरची लायब्ररी केडीईच्या दुसऱ्या कोणत्याही तुकड्यावर विसंबणार नाही. दुसऱ्या पायरीवरची फक्त पहिलीवर विसंबेल. तिसरीवर मोकळीक. ही कल्पना नवी नव्हती. जॉन लाकोस यांनी १९९६ साली मोठ्या सी++ प्रोग्रॅमांच्या रचनेवर पुस्तक लिहिले, त्याचा कणाच हा होता: प्रत्येक घटकाला पातळी द्या आणि कोणताही घटक खालच्याच पातळीकडे हात पसरेल असे बघा. केडीईने ते कुटुंबाच्या वाटणीत प्रत्यक्ष करून दाखवले, याचे मला अधिक कौतुक वाटते.

सगळ्या वाटण्या अशा निभत नाहीत. लिनक्सच्या गाभ्यात हेडरांचे जाळे इतके माजले आहे की इंगो मोल्नार यांनी वर्षाहून अधिक काळ खपून ते सोडवण्यासाठी २,२०० हून अधिक बदलांचा संच तयार केला आणि २०२२ च्या जानेवारीत मांडला. गाभा बांधण्याचा वेग ५० ते ८० टक्के वाढतो, असे त्यांनी मोजून दाखवले. तो संच आहे तसा मुख्य लिनक्समध्ये गेला नाही. ज्या घरात सगळेच सगळ्यांच्या धुऱ्यावरून जातात, तिथे एक मोजणी-अधिकारी कितीही कुशल असला तरी वाटणी एका फटक्यात होत नाही.

आता तपासणीकडे येऊ. तिची मुळे १९७६ सालच्या एका वैतागात आहेत. बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन एक सकाळभर एका बरोबर प्रोग्रॅममधली चूक शोधत बसले. चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल नव्याने कम्पाइल करायची राहून गेली होती, म्हणून जुनीच चूक दिसत होती. ते चिडून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. फेल्डमन आदल्याच संध्याकाळी त्याच खड्ड्यात पडले होते. त्या शनिवार-रविवारी त्यांनी ‘मेक’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला: कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे ते लिहून द्या, मूळ फाइल बदलली की तिच्यावरचे सगळे मेक पुन्हा बांधून देतो. पुढे जीसीसीसारख्या कम्पायलरांनीच ही यादी करून द्यायला सुरुवात केली. कम्पाइल करताना जी जी हेडरे खरोखर उघडली त्यांची नावे ते एका छोट्या फाइलीत टिपून ठेवतात.

पण ही यादी ‘कोण बदलले की काय पुन्हा बांधायचे’ एवढेच सांगते. वापर हक्काचा होता की शेजाऱ्याच्या पाठीवर बसून केलेला, हे तिला कळत नाही. थोडक्यात, इथे तीन दप्तरे आहेत. बिल्डच्या, म्हणजे प्रोग्रॅम बांधण्याच्या, फाइलीत माणसाने लिहून दिलेले अवलंबन, हे पहिले. प्रोग्रॅमच्या मजकुरात दिसणारे इन्क्लूड, हे दुसरे. आणि कम्पायलरने प्रत्यक्षात काय उघडले त्याची टिपणे, हे तिसरे. लायब्ररीची वाटणी सुखरूप व्हायची तर तिन्ही जुळली पाहिजेत. सातबारा, गावनकाशा आणि प्रत्यक्ष धुरा तिन्ही जुळतात तिथे भांडण नसते, तसेच.

पहिली दोन दप्तरे ताडून पाहायचे सर्वांत सुबक साधन क्रोमच्या प्रकल्पात घडले. तिथे जीएन नावाची बिल्ड यंत्रणा आहे. ती निंजा या दुसऱ्या, अतिशय चपळ यंत्रणेसाठी आज्ञा तयार करते. जीएनमध्ये लायब्ररीच्या प्रत्येक तुकड्याला टार्गेट म्हणतात. टार्गेटमध्ये कोणत्या फाइली आहेत आणि ते कोणाकोणावर अवलंबून आहे, हे लिहून द्यावे लागते. ‘जीएन चेक’ अशी आज्ञा दिली की ते प्रत्येक फाइलीच्या डोक्यावरची इन्क्लूड वाचते आणि विचारते: हे हेडर कोणत्या टार्गेटच्या मालकीचे? तुझ्या टार्गेटपासून तिथपर्यंत जाहीर वाट आहे का?

‘जाहीर वाट’ हा इथला कळीचा शब्द. अवलंबन दोन तऱ्हांनी लिहिता येते. खासगी लिहिले तर ते फक्त तुझ्यापुरते, तुझ्या मार्फत दुसऱ्याला तिथे जाता येणार नाही. पब्लिक लिहिले तर तुझ्या मागून येणाऱ्यालाही तिथे जायची मुभा. विहिरीच्या पाण्यात स्वतःचा हिस्सा असणे वेगळे, आणि तो हिस्सा आपल्या मागच्यालाही देता येणे वेगळे. आपल्या उदाहरणात दर हे टार्गेट वजनावर खासगी अवलंबून असेल, तर पावतीच्या फाइलीने वजनाचे हेडर मागताच जीएन चेक तिला अडवते. वाट दाखव म्हणते.

हेडरांवरही असाच पडदा टाकता येतो. टार्गेटमध्ये काही फाइली ‘पब्लिक’ या यादीत घातल्या, की बाहेरच्यांना फक्त त्याच दिसतात. बाकीच्या मागितल्या तर एरवी नकार. ही यादी दिलीच नाही तर टार्गेटच्या सगळ्या फाइली खुल्या समजल्या जातात. एकत्र कुटुंबाच्या घरात कोणत्याच खोलीला कडी नसते तसे.

या तपासणीचा साधेपणा हेच तिचे बळ आणि तीच तिची मर्यादा. ती प्रीप्रोसेसर चालवत नाही, फक्त मजकूर वाचते, म्हणून ती झपाट्याने होते. पण ‘विंडोजवर असेल तरच हे हेडर घे’ अशी अट असलेली ओळ तिला बिनअटीचीच वाटते, आणि लिनक्सवर ती उगाच ओरडते. अशा ओळीपुढे ‘नोजीएनचेक’ असा शेरा लिहायची सोय आहे. म्हणजे: इथे तपासू नका, आम्हाला माहीत आहे. शेरा उपयोगी खरा, पण घाईच्या दिवसात तोच पळवाट होतो. माझे मत विचाराल तर नव्याने वाटलेल्या लायब्ररीत असे शेरे किती आहेत, ते मोजूनच वाटणी कशी झाली ते ओळखावे. कोणत्याच टार्गेटच्या यादीत नसलेले हेडर तर या तपासणीला दिसतच नाही. सातबाऱ्यावर न चढलेल्या तुकड्यावर अतिक्रमणाची तक्रार कोण करणार?

तयार केलेल्या हेडरांचा प्रकार याहून विचित्र आहे. काही हेडरे माणूस लिहीत नाही. बिल्ड चालू असताना दुसरा प्रोग्रॅम ती जन्माला घालतो. एखाद्या फाइलीने असे हेडर मागितले पण अवलंबन लिहून दिले नाही, तर काय होते? कधी काहीच होत नाही. चार कोअरच्या संगणकावर कामे अशा क्रमाने होतात की हेडर नेमके आधी तयार होऊन बसते. तीच बिल्ड साठ-सत्तर कोअरच्या यंत्रावर घातली की फाइल हेडरच्या आधी कम्पायलरपुढे येते, आणि बिल्ड मोडते. पुन्हा चालवली की चालते, कारण हेडर आता तयार आहे. अशा अधूनमधून मोडणाऱ्या बिल्डचे कारण शोधण्यात माणसे आठवडे घालवतात. जीएन चेक एरवी अशा अजून न जन्मलेल्या फाइली सोडून देते, पण वेगळी आज्ञा देऊन त्याही तपासून घेता येतात. लायब्ररीची वाटणी करताना हे काम कधीही टाळू नये.

गुगलच्याच घरातून निघालेल्या बेझल या बिल्ड यंत्रणेने दुसरा रस्ता धरला. तिथे ‘लेयरिंग चेक’ नावाची तपासणी क्लँग या कम्पायलरकडेच सोपवली आहे. प्रत्येक लायब्ररीच्या हेडरांचा नकाशा क्लँगला दिला जातो, आणि थेट अवलंबन लिहिले नसलेले हेडर कोणी मागितले की कम्पायलरच ते नाकारतो. इथे अटी खऱ्या अर्थाने पाळल्या जातात, कारण वाचणारा कम्पायलर आहे. मात्र फाइल खरोखर कम्पाइल झाल्याशिवाय उत्तर मिळत नाही. गुगलमधूनच आलेले ‘इन्क्लूड व्हॉट यू यूज’ हे साधन तर त्याहून पुढे जाऊन, तुम्ही जे नाव वापरता त्याचे हेडर स्वतः मागा, असा आग्रह धरते.

साधने हाताशी असली तरी वाटणीचा क्रम माणसालाच ठरवावा लागतो, आणि अनुभवी माणसे तो जवळजवळ सारखाच सांगतात. एकदम कापायला बसू नये. आधी अखंड लायब्ररीवरच तपासणी चालू करावी, म्हणजे जुने घोळ वर येतात. मग ज्याला दुसऱ्या कोणाची गरज नाही असा तळाचा तुकडा, आपल्या उदाहरणात वजन, वेगळ्या टार्गेटमध्ये काढावा. जुन्या मोठ्या टार्गेटने त्याला पब्लिक अवलंबन म्हणून धरून ठेवावे. त्यामुळे जुन्या गिऱ्हाइकांना काहीच कळत नाही, सगळ्या वाटा चालू राहतात. मग एकेक गिऱ्हाइक पुढे येऊन वजनाशी थेट संबंध लिहून घेते. सगळ्यांचे झाले असे वाटले की तो पब्लिक धागा खासगी करावा आणि तपासणी चालवावी. जे अजूनही जुन्या वाटेने येत होते त्यांची नावे यादीत येतात. ती बहुधा अपेक्षेपेक्षा जास्त असतात.

वेटोळे आले तर हा क्रम अडतो: दराला पावती हवी आणि पावतीला दर. दोघांपैकी कोणालाच आधी बाहेर काढता येत नाही. पुष्कळदा दोघांनाही लागणारी चार-दोन नावे तिसऱ्या, फक्त हेडर असलेल्या टार्गेटमध्ये काढली की गाठ सुटते. असे टार्गेट काहीच बांधत नाही, पण त्या हेडरांना मालक मिळतो. कुठे पूर्ण हेडर मागायची गरजच नसते, ‘पावती नावाचा एक प्रकार आहे’ एवढे जाहीर केले तरी भागते. आणि कुठे दोन तुकडे इतके गुंतलेले निघतात की त्यांना एकाच टार्गेटमध्ये नांदू देणे शहाणपणाचे ठरते. सगळ्याच भावांची वाटणी करायला हवी असे नाही.

सी++ च्या २०२० सालच्या आवृत्तीत मॉड्यूल आले आणि चिकटवण्याच्या जुन्या पद्धतीला पर्याय मिळाला. मॉड्यूल आत घेतले तरी त्याने आत घेतलेले दुसरे मॉड्यूल तुम्हाला आपोआप मिळत नाही. त्याने ‘एक्स्पोर्ट’ असे स्पष्ट लिहिले तरच मिळते. खासगी आणि पब्लिक हा भेद आता भाषेतच आला. त्याची किंमत अशी की कोणती फाइल आधी बांधायची हे ठरवण्यासाठी सगळ्या फाइली आधी एकदा वाचाव्या लागतात. सीमेक या प्रचलित बिल्ड यंत्रणेत मॉड्यूलांना पक्का आधार ३.२८ या आवृत्तीत, २०२३ च्या अखेरीस आला. जुन्या लायब्रऱ्यांची कोट्यवधी ओळींची हेडरे मात्र अजून तशीच आहेत.

हे सगळे पाहायला क्रोमचा अवाढव्य पसारा उतरवून घ्यायची गरज नाही. पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी संस्थेत शिकणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याला ते साध्या लॅपटॉपवर करता येईल. जीएनच्या मूळ संचात ‘सिंपल बिल्ड’ नावाचा एक चिमुकला नमुना दिलेला आहे. त्यात ‘हॅलो’ नावाचा प्रोग्रॅम दोन लायब्रऱ्यांवर अवलंबून आहे, एक स्टॅटिक आणि एक शेअर्ड. बिल्डच्या फाइलीतून स्टॅटिक लायब्ररीचे नाव खोडा आणि जीएन चेक चालवा. फाइलीचे नाव, ओळीचा आकडा, त्या हेडरखाली बाणाची खूण, आणि खाली मजकूर: हे हेडर तुमच्या कोणत्याही अवलंबनात नाही, ते अमुक टार्गेटमध्ये आहे, तिथपर्यंत वाट हवी.

मग तपासणी न करता नुसतेच बांधून पाहा. हेडर त्याच फोल्डरमध्ये पडलेले आहे, म्हणून कम्पायलर ते निमूट उचलतो आणि पुढे जातो. बांधलेले तुकडे एकत्र जोडणारा लिंकर मात्र अडतो, कारण हेडरात नाव आहे आणि काम करणारा भाग जोडलेलाच नाही. आता एक पायरी पुढे जा: ते छोटे काम त्याच्या फाइलीतून काढून हेडरातच इनलाइन म्हणून लिहून टाका आणि पुन्हा बांधा. या वेळी लिंकरही गप्प राहतो. प्रोग्रॅम चालतो, पडद्यावर मजकूर उमटतो, आणि जीएन चेक अजूनही त्याच ओळीवर बोट ठेवून उभे असते.